चार खोल्यांच्या घरगुती निवासासाठी पहिले संकेतस्थळ कसे उभारावे?

आपला प्रश्न असा आहे: दापोली तालुक्यात समुद्राजवळ आई-वडील चार खोल्यांचे घरगुती निवास चालवतात आणि जेवणही घरचेच देतात. आतापर्यंतचे पाहुणे एक तर ओळखीतून आले किंवा बुकिंगच्या मोठ्या संकेतस्थळांवरून, आणि त्या संकेतस्थळांचे कमिशन आता जड जाऊ लागले आहे. आपण वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहात, एक्सेल उत्तम येते, पण कोडची एकही ओळ कधी लिहिलेली नाही. स्वतःचे मराठी संकेतस्थळ आपणच बनवावे की कोणाला काम द्यावे, वर्डप्रेस हे संकेतस्थळ बनवण्याचे तयार साधन घ्यावे का, खर्च किती येईल आणि दिवाळीपूर्वी ते सुरू होईल का, हे आपल्याला हवे आहे.

थोडक्यात उत्तर असे, की ते आपण स्वतः बनवावे, वर्डप्रेस न घेता साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान खुणांनी लिहिण्याच्या भाषेत, बनवावे, पाच पानांपेक्षा मोठे करू नये आणि वर्षाचा रोख खर्च डोमेनच्या (संकेतस्थळाच्या नावाच्या) शुल्काइतकाच, म्हणजे साधारण हजार ते दीड हजार रुपयांच्या घरात ठेवावा. रोज दोन तास दिले तर तीन ते चार आठवडे पुरतात. गेली सतरा वर्षे मी लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे बनवतो आहे. या काळात जी कामे अर्धवट पडलेली पाहिली, त्यांतले एकही कोड जमला नाही म्हणून अडलेले नव्हते. ती अडली मजकूर तयार नव्हता म्हणून, किंवा नाव भलत्याच्याच ताब्यात होते म्हणून. त्यामुळे या उत्तरात कोडपेक्षा या दोन गोष्टींना अधिक जागा जाईल, आणि मराठी मजकुराच्या खास अडचणींनाही, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात त्या सापडत नाहीत.

पहिल्या आठवड्यात संगणक उघडू नये. बुकिंगचे फोन आई घेत असतील तर त्यांच्याजवळ एक वही ठेवावी आणि आलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा. गाडी अंगणापर्यंत येते का, समुद्र चालत किती मिनिटांवर आहे, गरम पाणी दिवसभर असते की फक्त सकाळी, तिसऱ्या माणसासाठी गादी टाकून मिळेल का, सोमवारी मासे मिळतात का, रेंज कोणत्या कंपनीची येते, पहाटे पाचला पोहोचलो तर खोली उघडाल का, कुत्रा आणला तर चालेल का. आठवडाभरात असे तीस-चाळीस प्रश्न जमतात आणि त्यांतले वीस पुन्हा पुन्हा आलेले असतात. हे वीस प्रश्न व त्यांची खरी उत्तरे हाच आपल्या संकेतस्थळाचा मजकूर आहे. "निसर्गाच्या कुशीत वसलेले" हे शब्द मात्र कटाक्षाने टाळावेत. कोकणातले प्रत्येक निवास त्याच कुशीत वसलेले असते आणि त्या वाक्यावरून खोली घेतलेला पाहुणा मला अजून भेटायचा आहे. त्याऐवजी "फाटकातून निघाल्यावर सुरूच्या बनातून सात मिनिटांत वाळूवर पोहोचता येते, मात्र रात्री वाटेवर दिवे नाहीत" असे वाक्य लिहिले, तर वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो, आणि विश्वास बसल्याशिवाय कोणी अनोळखी माणसाला आगाऊ रक्कम पाठवत नाही.

वहीतले प्रश्न गटवारीने लावले की पाने आपोआप ठरतात: मुखपृष्ठ, खोल्या आणि दर, जेवण, कसे यावे, संपर्क. यांतले "कसे यावे" हे पान बहुतेक जण नकाशाचा चौकोन चिकटवून संपवतात, आणि तिथेच चूक होते. खेड स्थानकावर उतरणाऱ्याला पुढे एसटी आहे की रिक्षा ठरवावी लागते, श्रीवर्धनकडून येणाऱ्याने बागमांडला-वेसवी फेरीबोट धरावी की महाडवरून वळसा घ्यावा, गुहागरकडून येणाऱ्याला धोपाव्याहून दाभोळला जाणारी शेवटची फेरी कधीची, पावसाळ्यात कोणता घाट टाळावा, हे नकाशा सांगत नाही. आपल्या वडिलांना ते तोंडपाठ असेल. परिसरातील प्रेक्षणीय स्थळांचे स्वतंत्र पान करण्याचा मोह आवरावा. सुवर्णदुर्गाचा इतिहास शंभर ठिकाणी आहे. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला घरातून किती वाजता निघावे, एवढी ओळ मात्र फक्त आपणच लिहू शकता, आणि ती "कसे यावे"च्या तळाशी सहज बसते.

आता नाव. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा नोंदवलेला पत्ता, निवडताना माझी एकच कसोटी असते: ते फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला बरोबर लिहिता आले पाहिजे. मराठी शब्द रोमन लिपीत नेले की इथे हमखास गोंधळ होतो. "वाडा" व्हीने लिहायचा की डब्ल्यूने, "सागरी"च्या शेवटी एक आय की दोन ई, "श"साठी एच आहे की नाही, प्रत्येक शब्दाची दोन-तीन रूपे तयार होतात. म्हणून दोन लहान शब्द, शक्यतो ज्यांचे एकच स्पेलिंग रूढ आहे असे, मध्ये आडवी रेघ न देता आणि अंक न वापरता घ्यावेत. शेवटी डॉट कॉम असावे की डॉट इन, यावर फार वेळ घालवू नये, दोन्ही चालतात. देवनागरीत डॉट भारत हा शेवट २०१४ पासून उपलब्ध आहे आणि देवनागरीतले डोमेन मिळवणे मनाला सुखावते हे मान्य, पण अनेक ऑनलाइन अर्ज आणि जुन्या ईमेल यंत्रणा असा पत्ता अजूनही स्वीकारत नाहीत. ते दुसरे नाव म्हणून घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवावे. पहिले आणि एकमेव नाव म्हणून घेऊ नये.

नाव कोणाच्या खात्यावर आहे, ही या संपूर्ण कामातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. त्यांचे संकेतस्थळ एका लहान संस्थेने बनवून दिले होते, डोमेनही त्या संस्थेनेच स्वतःच्या खात्यातून घेतले होते आणि दरवर्षी पैसे मात्र हे भरत होते. संस्था बंद पडली, नूतनीकरणाची सूचना बंद झालेल्या ईमेलवर जात राहिली, आणि आठ वर्षे पाट्यांवर, पिशव्यांवर, गाडीच्या काचेवर छापलेले नाव एके दिवशी दुसऱ्याच कोणाच्या जाहिराती दाखवू लागले. मला काहीही करता आले नाही, कारण नोंदीत त्यांचे नावच नव्हते. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर सवलतीचा काही काळ आणि त्यानंतर जास्त शुल्क भरून नाव सोडवून घेण्याचे तीस दिवस मिळतात खरे, पण ती संधी नोंदणीकृत मालकाला असते. म्हणून डोमेन आपल्या किंवा आई-वडिलांच्या नावे, आपल्याच ईमेलवर, आपल्याच कार्डाने घ्यावे. त्या ईमेलला दुहेरी पडताळणी लावावी आणि त्यासाठी नव्या डोमेनवरचा पत्ता वापरू नये. डोमेन बंद पडले तर सूचना येण्याची वाटही बंद पडते. पहिल्या वर्षाच्या नव्व्याण्णव रुपयांच्या जाहिरातीकडे न पाहता दुसऱ्या वर्षाचा दर पाहावा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरावा, आणि जमल्यास एकदम तीन वर्षांचे शुल्क भरून टाकावे. विक्रीच्या शेवटच्या पानावर होस्टिंग, ईमेल, सुरक्षा असे जे जे आधीच टिक केलेले असते, ते सर्व काढून टाकावे.

डोमेन आणि होस्टिंग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण विक्रेते त्या एकाच थैलीत घालून विकतात. डोमेन हे फक्त नाव आहे. आपल्या पानांच्या फाइली ज्या संगणकावर चोवीस तास ठेवलेल्या असतात ते होस्टिंग. या दोहोंना जोडणारी नोंद डीएनएसमध्ये असते: अमुक नाव विचारले तर तमुक आकडी पत्त्यावर पाठवा. ही नोंद आपण डोमेनच्या खात्यात जाऊन एकदा करतो. जगभरचे सर्व्हर, म्हणजे नोंदी आणि पाने पुरवणारे संगणक, जुनी नोंद ठरावीक वेळ लक्षात ठेवत असल्यामुळे बदल काही मिनिटांत दिसतो किंवा कधी एखादा दिवसही लागतो. त्या काळात आपल्या फोनवर नवे पान आणि पुण्यातल्या मावशीच्या फोनवर कोरी चौकट दिसली तर घाबरून पुन्हा पुन्हा नोंद बदलू नये. दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा फायदा असा, की होस्टिंग देणाऱ्याने उद्या दर वाढवले तर फाइली उचलून दुसरीकडे नेता येतात, डीएनएसमधली एक ओळ बदलली की काम झाले, आणि पाहुण्याला काही कळतही नाही.

वर्डप्रेस का नको, हेही सांगतो. २००३ साली आलेले हे साधन आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांना आधार देते, मी स्वतः ते वर्षानुवर्षे वापरले आहे, आणि जो दर आठवड्याला नवा लेख टाकणार आहे त्याला मी तेच सुचवीन. पण त्यामागे डेटाबेस (मजकुराचा साठा) असतो, थीम (दिसण्याचा साचा) असते, प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) असतात, आणि यांतल्या प्रत्येकाला अद्ययावत ठेवावे लागते. सहा महिने न पाहिलेले वर्डप्रेस म्हणजे कुलूप न लावलेले घर, आणि मे महिन्याच्या गर्दीत आपल्याकडे ते पाहायला कोणाला वेळ असणार? आपले दर वर्षातून दोनदा बदलतात, जेवणाचे पान बहुधा कधीच नाही. अशा मजकुरासाठी साध्या फाइली पुरतात. जगातले पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधन संस्थेतून जगासाठी खुले केले. सर्नने ते २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले, आणि त्या काळचे एचटीएमएल आजच्या फोनवरही व्यवस्थित उघडते. हा टिकाऊपणा कोणत्याही प्लगइनमध्ये नाही.

साध्या फाइलींसाठी मोफत होस्टिंग मिळते. नेटलिफाय किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस यांच्याकडे खाते उघडून संगणकावरचे फोल्डर तिथे टाकले की पान जगाला दिसू लागते. गिटहब पेजेस हाही लोकप्रिय पर्याय आहे, पण त्याच्या अटींनुसार ऑनलाइन व्यवसाय चालवण्यासाठीचे मोफत होस्टिंग म्हणून ते वापरता येत नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत तो टाळलेला बरा.

कोड शिकण्याबद्दल माझे म्हणणे एवढेच, की एक्सेलमध्ये सूत्र लिहिणाऱ्याला एचटीएमएल जड जात नाही. शीर्षक, परिच्छेद, दुवा, चित्र, यादी आणि तक्ता एवढ्या सहा गोष्टींच्या खुणा आल्या, तर पाचही पाने लिहून होतात. रंग, अंतर आणि अक्षरांचा आकार ठरवणाऱ्या सीएसएसच्या पन्नासेक ओळी पुरतात. व्हीएस कोड हा मोफत संपादक उतरवून घ्यावा, एक फोल्डर करावे, त्यात मुखपृष्ठाच्या फाइलीचे नाव रोमन लिपीत इंडेक्स डॉट एचटीएमएल असे ठेवावे, कारण पत्ता उघडल्यावर सर्व्हर आधी याच नावाची फाइल शोधतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून पहिला आराखडा मागायला हरकत नाही, पण त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे त्याच साधनाला विचारून समजून घ्यावे. न समजलेली ओळ पुढे बिघडते तेव्हा ती कुठे आहे हेच सापडत नाही. दोन चुका मात्र प्रत्येक नवशिक्याकडून होतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चित्राचा पत्ता आपल्या संगणकाच्या सी ड्राइव्हपासून लिहिला, तर ते चित्र फक्त आपल्यालाच दिसते. पत्ता नेहमी फोल्डरच्या आतला द्यावा. दुसरे असे, की विंडोजवर फाइलीच्या नावातले लहान-मोठे रोमन अक्षर एकच मानले जाते, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे मोठ्या आर ने सुरू होणारी फाइल आणि लहान आर ने सुरू होणारी फाइल या दोन वेगळ्या फाइली असतात. घरी सगळे दिसते, वर चढवले की अर्धी चित्रे गायब, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. सर्व नावे लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहावीत.

फाइलींची नावे मराठीत ठेवता येतात का, असे पुष्कळ जण विचारतात. येतात, पण दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की काय होते ते पाहावे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. "खोल्या" या शब्दात ख, ओकार, ल, हलन्त, य आणि काना अशी सहा चिन्हे आहेत. त्याचा दुवा चोपन्न अक्षरांचा अगम्य पट्टा होतो. म्हणून फाइलींची नावे रोमनमध्येच असावीत. मराठी पानावर दिसावी, पत्त्यात दिसण्याची आवश्यकता नाही.

पानावरच्या मराठीसाठी तीन गोष्टी कराव्यात. फाइलीच्या अगदी सुरुवातीला, शीर्षकाच्याही आधी, अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याची ओळ टाकावी. ती राहिली तर काही ब्राउझरांत मजकुराच्या जागी चित्रविचित्र रोमन चिन्हांची रांग दिसते. त्याच फाइलीत मोबाइलच्या रुंदीनुसार पान मांडण्याची व्ह्यूपोर्टची ओळ टाकावी. आणि एचटीएमएलच्या मुख्य खुणेत भाषा मराठी असल्याचे, म्हणजे एमआर असे, नमूद करावे. ही तिसरी गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात, किंवा कुठून तरी उचललेल्या नमुन्यात तिथे इंग्रजीच राहते. परिणाम असा होतो, की अंधांसाठीचे वाचक सॉफ्टवेअर मराठी मजकूर इंग्रजीच्या नियमांनी वाचू पाहते, आणि ज्या फॉण्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे स्वतंत्र दिलेली आहेत, ते फॉण्टही हिंदी वळणाची अक्षरे दाखवतात.

आपल्याकडे जुने छापील माहितीपत्रक आहे, त्याचा मजकूर डीटीपीवाल्याकडून घेऊन चिकटवावा असा विचार आपण लिहिला आहे. तो मजकूर बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांची आजची सामाईक संकेतपद्धत रुळण्याआधीच्या, फॉण्टात असेल. अशा फॉण्टात मुळात रोमन अक्षरेच साठवलेली असतात, फक्त त्यांचे चित्र देवनागरी असते. म्हणून तो चिकटवला की निव्वळ गिचमीड दिसते. रूपांतर करणारी साधने मोफत मिळतात, पण रूपांतरानंतर प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा. या फॉण्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षरांवरच्या वेलांट्या सरकतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो. सर्वांत फसवी चूक असते ऱ्याची. "दऱ्या"चे "दर्या" होते, आणि कोकणच्या पानावर ही चूक पकडली जात नाही, कारण तिथे दोन्ही शब्द शोभतात! हे सर्व निस्तरण्यापेक्षा चार पानांचा मजकूर संगणकावरच्या इनस्क्रिप्ट किंवा फोनवरच्या मराठी कळफलकाने नव्याने टंकणे मला नेहमीच सोपे वाटले आहे, आणि त्या निमित्ताने माहितीपत्रकातली निसर्गाची कूसही गळून पडते.

दिसण्याबाबत देवनागरीचे स्वतःचे नियम आहेत. दोन ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक, १.६ ते १.७ इतके असावे, नाही तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सीएसएसची सोय मराठीसाठी कधीही वापरू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. परदेशी नमुन्यांत शीर्षकांना हे अंतर हटकून दिलेले असते, ते शोधून काढावे. तिरपी अक्षरेही नकोत. फॉण्टाच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे: पहिल्या संकेतस्थळाला वेगळा फॉण्ट लावूच नये. अँड्रॉइडमध्ये नोटो देवनागरी आणि आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी आधीपासून असतात, दोन्ही स्वच्छ वाचता येतात आणि एकही बाइट उतरवावा लागत नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉण्टाची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. अगदीच हवा असेल तर मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेने केलेला, मुक्त परवान्याचा "मुक्ता" घ्यावा, पण त्याच्या सात वजनांपैकी (जाडींपैकी) साधे आणि ठळक एवढी दोनच घ्यावीत.

खरा जडपणा मात्र छायाचित्रांचा असतो. आजच्या फोनने काढलेले एक छायाचित्र सहज चार एमबीचे असते. अशी वीस चित्रे जशीच्या तशी पानावर टाकली तर ऐंशी एमबी होतात. रेंज कमी असलेल्या जागी सेकंदाला दोन मेगाबिट मिळत असतील, तर ते पान पूर्ण उघडायला सव्वापाच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तीच चित्रे बाराशे पिक्सेल रुंदीची करून वेबपी या हलक्या चित्रस्वरूपात दीडशे केबीपर्यंत आणली, तर तीन एमबीत, म्हणजे बारा सेकंदांत काम होते, आणि खालची चित्रे खाली सरकल्यावरच उतरवावीत अशी खूण दिली तर पहिला पडदा दोन सेकंदांत दिसतो. हे काम स्क्वूश या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मोफत साधनाने होते. चित्रे कोणती घ्यावीत? न्हाणीघराचे एक हवेच. समुद्राचा सूर्यास्त सगळेच दाखवतात. खोलीचे दार उघडल्यावर प्रत्यक्षात जे दिसते ते आणि स्वच्छ न्हाणीघर पाहून कुटुंबे निर्णय घेतात, हे आपल्या आईही सांगतील.

संपर्कासाठी पानावर भरून पाठवायचा अर्ज (फॉर्म) ठेवू नये. अर्ज आला की तो कुठे साठवायचा, कचरा संदेश कसे रोखायचे, लोकांची माहिती किती काळ ठेवायची हे प्रश्न येतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अशी माहिती निष्काळजीपणे जमवणे शहाणपणाचे नाही. बोट लावताच फोन लागेल असा दुवा आणि व्हॉट्सॲपचा दुवा, एवढे दोन पुरेत. बँक खात्याचा तपशील आणि क्यूआर संकेत पानावर देऊ नये. दुसऱ्याचे छायाचित्र व नाव वापरून खोट्या बुकिंगचे पैसे उकळण्याचे प्रकार पर्यटनाच्या गावांत होतात. आगाऊ रक्कम फोनवर बोलणे झाल्यावरच स्वीकारली जाते, असे उलट स्पष्ट लिहावे.

सुरू करण्याच्या दिवसाबद्दल: दिवाळीची सुट्टी हे आपले लक्ष्य असेल तर गणपती आटोपले की लगेच पाने वर चढवावीत, कारण शोधयंत्रांना नवे संकेतस्थळ सापडायला आणि त्यांनी ते दाखवू लागायला काही आठवडे जाऊ शकतात. चढवल्यावर वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, तीन वेगवेगळ्या फोनांवर पाहावे. त्यांतला एक जुना आणि स्वस्त असावा. पत्ता तिहेरी डब्ल्यूसह आणि त्याशिवाय असा दोन्ही प्रकारे उघडून पाहावा. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असल्याची खात्री करावी. २०१८ पासून क्रोम त्याशिवायच्या पानाला असुरक्षित म्हणतो. पूर्वी त्यासाठी लागणाऱ्या सुरक्षा-प्रमाणपत्राचे पैसे मोजावे लागत, आता लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थांमुळे ते मोफत मिळते आणि वर सांगितलेली होस्टिंगे ते आपोआप लावतात. दुवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून त्याखाली चित्र आणि शीर्षक नीट येते का पाहावे, कारण आपले संकेतस्थळ बहुतेकांना शोधयंत्रातून नव्हे तर नातेवाइकांच्या गटातून मिळणार आहे. त्या चित्राचा पत्ता सांगणारी ओपन ग्राफची ओळ फाइलीत द्यावी लागते आणि चित्र मी तीनशे केबीच्या आत ठेवतो.

नंतर गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या साधनात मालकी सिद्ध करून मुखपृष्ठाची नोंद मागावी, आणि गूगलच्या नकाशावरील आपल्या व्यवसायाच्या नोंदीत हा पत्ता जोडावा. घरगुती निवासाच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक पाहुणे आणते. पानाच्या शीर्षकात निवासाचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत असावे, कारण मराठी माणूसही शोधताना बहुधा रोमन अक्षरेच टंकतो. माझ्या हातून एकदा झालेली चूक इथे सांगणे योग्य ठरेल. चाचणी चालू असताना शोधयंत्रांनी पान नोंदवू नये अशी एक ओळ मी फाइलीत टाकली होती आणि संकेतस्थळ सुरू करताना ती काढायची राहिली. चार महिने ते कुठेही सापडत नव्हते, आणि मी त्या चार महिन्यांत ग्राहकाला धीर धरायला सांगत होतो. तेव्हापासून सुरू करण्याच्या दिवशी सर्वांत आधी त्या ओळीतला "नोइंडेक्स" हा शब्द सर्व फाइलींत शोधून पाहतो.

देखभाल थोडी आहे. फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक गूगल ड्राइव्हवर असावी. दर बदलले की त्याच दिवशी पान बदलावे आणि दरांखाली "१ ऑक्टोबरपासून लागू" अशी तारीख लिहावी, नाही तर जुना दर दाखवणारा पाहुणा अंगणात उभा राहतो आणि त्याचे म्हणणे चूकही नसते. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल शाईने लिहावी, ईमेलवर विसंबू नये. आणि पहिल्या आठवड्यातली ती वही फोनजवळच राहू द्यावी. संकेतस्थळ पाहून फोन करणारा माणूस तरीही जो प्रश्न विचारतो, तो एक तर पानावर नाही किंवा असून त्याला दिसलेला नाही. असे दहा प्रश्न जमले की एका संध्याकाळी बसून पानात दुरुस्ती करावी.